वसंताचे ऊन आणि माणसांचे चेहरे

फाल्गुन सरून चैत्र लागला, की ज्याच्या हाती कॅमेरा आहे त्याचे पाय घरात ठरत नाहीत. पळसाचा बहर ओसरलेला असला तरी पांगारा फुललेला असतो, पिंपळाची तांबूस पालवी उन्हात चमकत असते, आणि थोड्याच दिवसांत बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. पूर्वी हा छंद थोड्या लोकांचा होता. कॅमेरा, फिल्म, धुलाई व छपाई यांचा खर्च प्रत्येक घरास झेपण्यासारखा नव्हता. आता कॅमेरा प्रत्येकाच्या फोनातच येऊन बसला आहे, व हौशी छायाचित्रकार नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. ही हौस वाईट नाही. सृष्टीकडे डोळे उघडून पाहण्याची सवय ज्या निमित्ताने लागेल, ते निमित्त चांगलेच म्हटले पाहिजे. तथापि या वसंतात वाचकांपुढे एक जुनी हकीकत ठेवावी असे मनात आले आहे. ती दूरच्या देशातील व ख्रिस्ती लोकांच्या चर्चमधील आहे. परंतु तिचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो.

ही हकीकत स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी १८४३ साली घडली. आपल्याकडे वसंत म्हणजे कडक उन्हाळ्याची चाहूल. उन्हाचे आपणांस अप्रूप ते काय असणार? उत्तरेकडील त्या देशात तसे नाही. तेथे डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो, आणि मे महिन्याच्या मध्यास तोच सोळा तासांवर जातो. टेकड्या पिवळ्या फुलांनी भरून जातात, व सहा महिने घरात कोंडलेली माणसे उन्हासाठी बाहेर पडतात. ज्या ऊनप्रकाशास आपण छत्री आड धरतो, त्याची तेथे वाट पाहिली जाते. पुढील हकीकतीत या उन्हाचे काम मोठे आहे.

त्या देशाच्या राजमान्य चर्चमध्ये त्या वेळी दहा वर्षे एक वाद धुमसत होता. गावच्या चर्चचा पाळक कोणी निवडावा, तेथील मंडळीने की जमीनदाराने? १७१२ सालच्या कायद्याने हा अधिकार जमीनदारादी आश्रयदात्यांस दिलेला होता. मंडळीचे म्हणणे असे, की जो आमच्या मुलांचे बाप्तिस्मे करणार, आमची लग्ने लावणार आणि आमच्या मरणसमयी उशाशी बसणार, तो आम्हांस नको असता आमच्यावर लादणे हा अधर्म होय. १८३४ साली चर्चच्या महासभेने मंडळीस नकाराधिकार दिला. परंतु न्यायालयांनी तो मानला नाही. प्रश्न आता पाळकाच्या नेमणुकीपुरता राहिला नाही. धर्माच्या कारभारात शेवटचा शब्द कोणाचा, असे त्यास रूप आले.

१८ मे १८४३ रोजी जॉर्ज स्ट्रीटवरील सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये महासभा भरली. राणीचा प्रतिनिधी आसनावर बसलेला होता. सभेचे अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी प्रार्थना झाल्यावर एक लेखी निषेध वाचून दाखविला, तो मेजावर ठेवला, प्रतिनिधीस वाकून नमस्कार केला आणि ते दाराकडे चालू लागले. त्यांच्यामागून थॉमस चाल्मर्स हे विख्यात धर्मोपदेशक उठले, व पाहता पाहता बाकांच्या रांगा रिकाम्या होऊ लागल्या. बाहेर रस्त्यावर लोकांची दाटी होती. त्या दाटीतून वाट काढीत ही मंडळी उतारावरून खाली टॅनफील्ड येथील दिवाणखान्यात गेली, व तेथे फ्री चर्च या नव्या संस्थेची स्थापना झाली. पाच दिवसांनी पदत्यागाच्या पत्रावर सह्या होऊ लागल्या. एकंदर ४७४ पाळकांनी आपली पदे सोडली. म्हणजे सुमारे बाराशेंपैकी तीनांतला एक बाहेर पडला.

पद सोडणे म्हणजे काय, हे आपल्या घरांतील स्त्रियांस पुरुषांपेक्षा लवकर कळेल. पद गेले म्हणजे वेतन गेले, आणि पाळकास राहावयास मिळालेले घरही गेले. ज्या परसात मुले वाढली, ज्या झाडांस बायकोने पाणी घातले, ते सर्व ऐन बहरात सोडून संसार गाडीवर घालावयाचा होता. पुष्कळ जमीनदारांनी नव्या चर्चसाठी वीतभर जागा देण्याचेही नाकारले. त्यामुळे कित्येक मंडळ्यांनी उघड्या माळावर, कोठारांत, समुद्रकाठी उपासना केल्या. सुनार्ट नावाच्या खाडीच्या परिसरात तर जमीन मिळेना म्हणून १८४६ साली लोकांनी पाण्यावर तरंगणारे चर्च बांधून आणले. या पाळकांच्या मताशी कोणी सहमत असो वा नसो. मतासाठी घर सोडणारा मनुष्य कोणत्याही धर्मात विरळाच असतो.

त्या दिवशीच्या सभेत डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल नावाचा एक चित्रकार हजर होता. निसर्गदृश्ये रंगविणे हा त्याचा धंदा. डोंगर, नद्या, झाडे यांत तो रमे. परंतु जे पाहिले त्याने तो हलून गेला, व या प्रसंगाचे एक भव्य चित्र काढावयाचे असे त्याने ठरविले. अडचण उघड होती. शेकडो पाळक चार दिवसांत गावोगाव पांगणार. त्या सर्वांचे चेहरे कागदावर उतरविणार कसे? ही अडचण सोडविली सर डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने. इंग्लंडातील टॅल्बट या गृहस्थाने १८४० साली शोधून काढलेली ‘कॅलोटाइप’ नावाची कृती ब्रूस्टर यांस ठाऊक होती, व ती शिकलेला रॉबर्ट ॲडमसन हा बावीस वर्षांचा तरुण नुकताच एडिंबरोस येऊन राहिला होता. टॅल्बटने इंग्लंडात आपल्या शोधाचे हक्क राखून ठेविले होते, स्कॉटलंडात ठेविले नव्हते. त्यामुळे तेथे ही विद्या वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशा हौशी लोकांच्या हाती सहज आली होती. छायाचित्रण हे आरंभी असे हौशी माणसांचेच काम होते.

कृती थोडक्यात अशी. चांगल्या प्रतीच्या लिहावयाच्या कागदास चांदीच्या क्षारांचा लेप देऊन तो कॅमेऱ्यात ठेवावयाचा, भिंगावरचे झाकण काढावयाचे, आणि समोरच्या माणसाने भर उन्हात एखादे मिनिट, प्रसंगी त्याहूनही अधिक वेळ, निश्चल बसावयाचे. मग कागदावर गुप्त असलेली आकृती औषधांनी धुऊन प्रकट करावयाची. ती उलटी, काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे दाखविणारी. तिच्याखाली दुसरा लेप दिलेला कागद धरून पुन्हा उन्हात ठेवला म्हणजे सुलटे चित्र उमटे. विजेचा दिवा त्या काळी नव्हता. काल्टन टेकडीवरील ॲडमसनच्या घराबाहेर खुर्च्या, मेज, पडदे मांडीत, आणि घरात बसल्याचा भास करून माणसास सूर्यप्रकाशात बसवीत. हात हलू नयेत म्हणून हाती ग्रंथ देत, मान हलू नये म्हणून आधार देत. अशा रीतीने ते पाळक एकामागून एक त्या टेकडीवर आले. ज्यांचे घरदार नुकतेच सुटले होते त्यांनी तेथे श्वास रोखून बसावे, व उन्हाने त्यांचा चेहरा कागदावर लिहून ठेवावा, असे ते दृश्य होते.

या दोघांनी साडेचार वर्षांत सुमारे तीन हजार छायाचित्रे घेतली. १८४८ च्या जानेवारीत ॲडमसन वारला. तेव्हा त्याचे वय अवघे सव्वीस होते. हिलचे मोठे चित्र १८६६ साली, म्हणजे प्रसंगानंतर तेवीस वर्षांनी पुरे झाले. त्यात साडेचारशेंहून अधिक चेहरे ओळखू येतात, व एका बाजूस कॅमेरा घेतलेला ॲडमसनही आहे. जाणकार असे म्हणतात, की ते रंगचित्र फारसे साधले नाही; चेहऱ्यांची नुसती दाटी झाली आहे. जी छायाचित्रे केवळ साधन म्हणून घेतली, तीच आज कला म्हणून जगभर नावाजली जातात. आणि वाद? ज्या हक्कासाठी एवढे रामायण झाले, तो जमीनदारांचा हक्क १८७४ साली कायद्यानेच रद्द केला, व १९२९ साली फुटलेल्या मंडळीचा फार मोठा भाग मूळ चर्चमध्ये परत मिळाला. भांडण मिटले, चेहरे राहिले.

याच दोघांनी जवळच्या न्यूहेवन गावातील कोळी स्त्रीपुरुषांचीही चित्रे घेतली. पाळकांची नावे जपून ठेवली गेली, कारण त्या मोठ्या चित्रासाठी ती हवीच होती. कोळ्यांपैकी कित्येकांची नावे मात्र राहिली नाहीत. १९३१ साली वाल्टर बेन्यामिन या जर्मन लेखकाने छायाचित्रणाच्या इतिहासावर एक निबंध लिहिला. त्यात तेथील एका कोळिणीच्या चित्रापुढे तो थबकतो. ही बाई कोण होती, तिचे नाव काय होते, हे जाणण्याची ओढ पाहणाऱ्यास स्वस्थ बसू देत नाही, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. तिचे नाव पुढे सांगितले गेले. एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल. एवढे नाव कळताच ते चित्र कलावस्तू न राहता एका बाईची तसबीर होते.

आता मुंबईचा धागा. विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन हे याच चर्चचे मिशनरी. १८४३ च्या आरंभी ते मुंबईहून स्वदेशी निघाले, व चर्च दुभंगल्यावर त्यांनी फ्री चर्चचा पक्ष घेतला. त्यांच्याबरोबर धनजीभाई नौरोजी हा पारशी तरुण होता. १८३९ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा मुंबईत हलकल्लोळ झाला होता. नातलगांनी न्यायालयात दाद मागितली, ती मिळाली नाही, आणि विल्सन यांच्या शाळेतून पारशी मुले भराभर काढून घेतली गेली. एडिंबरोस हिल व ॲडमसन यांनी या धनजीभाईंचेही छायाचित्र घेतले. घर सुटलेल्या त्या पाळकांच्या मालिकेत आपल्या मुंबईचाही एक घर सुटलेला मुलगा आहे.

हे वाचताना आपल्या वाचकांच्या मनात दुसरी एक आठवण आल्यावाचून राहणार नाही. त्याच १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच्या मागोमाग त्याचा अल्पवयी भाऊ श्रीपती मिशनऱ्यांकडे गेला. बापाने न्यायालयात धाव घेतली व मुलगा परत मिळविला. परंतु मिशनऱ्यांच्या घरी अन्नपाणी घेतलेल्या मुलास जातीत घ्यावयाचे की नाही, यावर मोठी तेढ पडली. प्रायश्चित्त देऊन त्यास पदरात घ्यावे असा पक्ष बाळशास्त्री जांभेकर यांनी उचलून धरला, व त्यापायी स्वजनांचा रोष सोसला. स्कॉटलंडातील पाळक सद्विवेकासाठी घर सोडीत होते. तेच सामर्थ्य येथे आले तेव्हा एका आईबापांच्या घरास तडा गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, व त्यांपैकी एक सांगून दुसरी झाकणे बरे नव्हे. मात्र एक भेद राहतो. एडिंबरोचे चेहरे आपण पाहू शकतो. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली ती १८५४ साली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी त्या विद्येचा व्यासंग केला. शेषाद्रींच्या घरावर संकट आले तेव्हा मुंबईत असा हिल नव्हता, असा ॲडमसन नव्हता.

आमच्या मते या हकीकतीत हौशी छायाचित्रकारास घेण्यासारखी गोष्ट ती ही. हिल हा निसर्गाचा चित्रकार; वसंतातील टेकड्या त्याच्या दारात फुललेल्या होत्या. तरी त्या वर्षीचे ऊन त्याने माणसांकडे वळविले. पांगारा पुढल्या चैत्रात पुन्हा फुलणार आहे, आणि त्याचे चित्र यंदा राहिले तर तेव्हा घेता येईल. ओटीवर पंचांग घेऊन बसणाऱ्या आजोबांविषयी असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही.

आणि दुसरी गोष्ट नावाची. जुन्या घरांतून मोठमोठे समूहफोटो भिंतीवर लागलेले असतात. खुर्च्यांवर पुरुष, मागे उभ्या स्त्रिया, पुढे सतरंजीवर मुले. पुरुषांची नावे कोणी तरी सांगतो. स्त्रियांविषयी मात्र ‘या बहुधा मधल्या काकू’ एवढ्यावर काम भागते. लग्नात नाव बदललेले, माहेरचे नाव कोणास ठाऊक नाही. कडेला उभी असलेली स्वयंपाकीणबाई किंवा गडी यांचे तर विचारावयासच नको. न्यूहेवनच्या कोळिणींची गत ती आपल्या घरातील या माणसांची. फोनातील छायाचित्रांची अवस्था याहून वाईट आहे. तेथे चित्रास नावाऐवजी आकडा असतो, व हजार आकड्यांत कोण कोठे गेले हे घेणाऱ्यासही सांगता येत नाही.

तेव्हा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास घर माणसांनी भरेल, कैरीची डाळ व पन्हे यांची गडबड उडेल, त्या दिवशी ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी आराशीचे चित्र जरूर घ्यावे, पण एवढ्यावर थांबू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात घरातील वडीलधाऱ्यांस एकेकटे बसवावे व घाई न करता त्यांचे चित्र घ्यावे. मग निवडक दहा-वीस चित्रे कागदावर छापून आणावीत, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, नाते, गाव व साल लिहावे. स्त्रियांचे माहेरचे नावही लिहावे. चेहऱ्याबरोबर एखादी हकीकत ठाऊक असेल, कोणी कोणत्या मतासाठी काय सोडले, कोणास घराने परत घेतले व कोणास घेतले नाही, तर तीही वहीत टिपून ठेवावी, जरी ती घरास फारशी भूषणावह नसली तरी. वादाचे निकाल काळ लावीत राहील. माणसे कशी दिसत होती व त्यांस काय म्हणून हाक मारीत होते, एवढे तरी पुढच्यांच्या हाती राहावे.