पोरं धरणारे आले!

बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातलं मुरकी. १३ जुलै २०१८ रोजी तिथे हैदराबादच्या एका तरुणाला जमावाने ठेचून मारलं. अपराध काय? पाहुणे म्हणून आलेल्या त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी हंदिकेरा गावात गाडी थांबवून शाळेच्या पोरांना चॉकलेटं दिली. ‘पोरं धरणारे आले’ हा निरोप गाडीच्या आधी मुरकीला पोचला. रस्ता अडवला, गाडी खड्ड्यात गेली, मग दगड आणि काठ्या. मूठभर पोलीस मध्ये पडले, जखमी झाले. तरी तो वाचला नाही.

लोक अडाणी, व्हॉट्सॲपने घात केला, असं म्हणून सगळे मोकळे झाले. मी होणार नाही. मोबाईलने निरोप पोचवला. भीती आधीच घराघरांत होती आणि तिला पोसणारे लोक खुर्चीवर बसलेले आहेत.

जोनाथन सायमन या अमेरिकन अभ्यासकाने २००७ साली ‘गव्हर्निंग थ्रू क्राइम’ या पुस्तकात हेच मांडलं. राज्यकर्ते नागरिकाकडे आधी गुन्ह्याचं सावज किंवा गुन्हेगार म्हणून पाहू लागले, की शाळा, घर, कारखाना सगळं संशयावर चालतं. पुस्तक अमेरिकेवरचं आहे, पण मला पानोपानी बीदर दिसलं.

जानेवारी २०२० आठवा. बीदरच्या शाहीन शाळेत पोरांनी नागरिकत्व कायद्यावर नाटक केलं. लगेच राजद्रोहाचा गुन्हा! मुख्याध्यापिका आणि एका विद्यार्थिनीची आई तुरुंगात. गणवेशातले पोलीस चौथी-पाचवीच्या लेकरांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारायला शाळेत. उच्च न्यायालयाने हा खटला रद्द केला तो २०२३ मध्ये. त्या आईची तुरुंगातली रात्र कोण परत देणार? जे सरकार लेकरांच्या संवादाला भितं, ते मुरकीकरांना ‘अनोळखी माणसाला भिऊ नका’ हे कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि ही भीती नेहमी फिरस्त्यावरच का उतरते? मुरकीच्या बाराच दिवस आधी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच जणांना मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पंचायतीच्या! भटक्यांवरचा हा संशय जुना आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. ठाण्यातली नजर गेली नाही, आणि ठाण्याची नजर गाव उचलतं. माझी आजी डवऱ्याला सुपातून ज्वारी घालायची, वर ‘जेवून जा रे बाबा’ म्हणायची. आज आमच्याच गल्लीत त्याची चाहूल लागली की कडी लागते आणि खिडकीतून त्याचा फोटो निघतो. तो फोटो कुठे जातो, हे मुरकीने दाखवलं आहे.

यावर दिल्लीचा उपाय काय? नव्या न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, श्रद्धा अशा कारणाने खून केला तर फाशीपर्यंत शिक्षा. शिक्षा हवीच. पण ती मुडदा पडल्यावर येते. मुरकीला त्या घटकेला हवे होते हंदिकेऱ्याहून ठाण्यात गेलेला एक फोन आणि जमावापुढे हात पसरून उभा राहणारा एक सरपंच. त्यासाठी ठाण्यात पुरेशी माणसं लागतात, आणि त्या माणसांवर गावाचा विश्वास लागतो. औरादच्या आठवडी बाजारात उभं राहून कोणत्या आमदाराने कधी यासाठी मत मागितलं? मत मागतात ते भीती दाखवून. ती भीती आम्ही आमच्या लेकरांच्या नावाने घरात घेतली, आणि मुरकीत दुसऱ्याचं लेकरू मारलं.