रिकाम्या घरावरचा घाव

खंडेनवमीला आपल्याकडे कोयता, पहार, नांगराचा फाळ, शिवणयंत्र आणि मोटारसायकल ही सारी एकाच रांगेत पूजेला बसतात. आमच्या जोयडा तालुक्यात रानाला लागून असलेल्या काही घरांतून त्या रांगेत पिकाच्या राखणीची केपाची बंदूकही असते. रामनगरच्या एका वृद्ध स्नेह्यांकडे मात्र झेंडूच्या माळेखाली ठेवले जाई ते एक जुने, लहानसे रिव्हॉल्व्हर. त्यांना आपण आप्पा म्हणू. सुपा धरणाच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली, त्यांपैकी हे एक कुटुंब. अंगण गेले, वृंदावन गेले. वडिलांच्या लाकडी पेटीतून जे थोडके बरोबर आले, त्यांत ही वस्तू होती. आप्पांनी तिचा परवाना पुढे रीतसर आपल्या नावे करून घेतला होता.

2024 साली लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली, तेव्हा आप्पांनी रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा केले. निकालानंतर ते परत आले. त्या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळीच त्यांचा नातू धापा टाकीत माझ्या दारी आला. "सर, आजोबांनी बोलावलंय. रिव्हॉल्व्हर अडकलंय, आणि आत गोळी आहे."

मी गेलो तेव्हा आप्पा पाटावर बसून होते आणि ती वस्तू त्यांच्या हातात होती. ठाण्यातून आलेल्या मालाची पारख करावी म्हणून त्यांनी कित्येक वर्षांनी त्यात काडतुसे भरून पाहिली होती. हे जुन्या घडणीचे रिव्हॉल्व्हर. मागच्या झडपेतून चक्राच्या एकेका घरात एकेक काडतूस सारावे लागते. दोन नीट बसली. तिसरे केसभर बाहेर राहिले. आप्पांनी तसेच चक्र रेटले आणि ते अर्ध्या वाटेत गच्च रुतले. आता ते पुढेही जाईना आणि मागेही येईना.

"ठाण्यात कोणीतरी आपटलं असणार, मास्तर. एरवी माझ्या वडिलांच्या हातची वस्तू अशी बिघडायची नाही," आप्पा म्हणाले. नातू स्क्रूड्रायव्हर घेऊन उभाच होता. काडतुसाची कड जरा मागे ढकलली की काम झाले, असे त्याचे मत.

त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. हे काडतूस रिमफायर जातीचे. इतर बहुतेक काडतुसांच्या बुडाशी मधोमध एक वेगळी टोपी असते व घोड्याचा घाव तिच्यावर पडतो. रिमफायरला तशी टोपी नसते. त्याच्या बुडाची कड आतून पोकळ असून पेट घेणारा मसाला त्या कडेतच भरलेला असतो. घोड्याचे टोक कडेवर आदळले की कड चेपते, मसाला पेटतो आणि दारू उडते. म्हणजे नातू जिथे स्क्रूड्रायव्हर लावणार होता, नेमकी तीच जागा घाव घालण्याची.

मी आप्पांना म्हटले, "आप्पा, तुम्ही उठू नका. नळीचे तोंड त्या मातीच्या गडग्याकडे धरा आणि घोड्याला बोट लावू नका." मुलांना मागल्या दाराने शेजारी पाठविले. मग, ज्या ठाण्यावर आप्पांचा संशय होता, तिथेच फोन केला. दुपारपर्यंत पोलिसांच्या शस्त्रागारातील एक अनुभवी कारागीर आला. तोवर आप्पा आणि मी त्या गडग्यासमोर बसून होतो. इतकी लांब दुपार मी पाहिलेली नाही.

त्या गृहस्थांनी एकदाही जोर लावला नाही. त्यांनी फटीत तेलाचा थेंब सोडला आणि वाट पाहिली. मग चक्राच्या आरपार गेलेली दांडी हळूच ओढून काढली आणि चक्र आडवे सरकवून अलगद बाहेर घेतले. तिसरे काडतूस पुरते बसलेच नव्हते. ते बोटांनीच निघाले. पाठोपाठ इतर दोन. मग त्यांनी भिंगातून चक्राकडे पाहिले आणि आप्पांना जवळ बोलावले. कानडी वळणाच्या मराठीत ते म्हणाले, "अज्जा, हे आपटून झालेलं नव्हे. रिकामं असताना घोडा कोण सोडत होतं?"

आप्पा गप्प झाले. आरतीपूर्वी रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री करून घरातल्या धाकट्या मुलाला मांडीवर घ्यायचे, त्याच्या हातून घोडा ओढवून सोडायचा, टक् असा आवाज झाला की घंटा वाजवायची, हा वडिलांपासूनचा परिपाठ. आप्पा स्वतः त्या मांडीवर बसले होते, त्यांचा मुलगा बसला होता, नातूही बसला होता.

कारागिरांनी समजावले ते असे. काडतूस आत असते तेव्हा घोड्याचे टोक आणि घराचा काठ यांच्यामध्ये त्याची मऊ पितळी कड असते. काठ ऐरणीचे काम करतो. घर रिकामे असले की हातोडा थेट ऐरणीवर पडतो. अशा जुन्या शस्त्रात प्रत्येक टक् सरशी काठावर बारीक खाच पडते आणि तिथले लोखंड आतल्या बाजूला उचलून येते. वर्षे लोटली की तो उंचवटा काडतुसाला पुरते आत जाऊ देत नाही. कधी चक्र अडते. कधी घोड्याचा जोर काडतूस आत ढकलण्यातच सरतो आणि बार होत नाही.

ही रचना आजची नव्हे. फ्रान्समधील फ्लोबेर याने 1845 च्या सुमारास केपाच्याच तोंडावर छर्रा बसवून असे काडतूस केले. अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी 1857 साली त्या जातीच्या काडतुसांचे सात घरांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. आपल्या राखणीच्या बंदुकीतील केप आणि हे काडतूस ही एका कुळातलीच म्हणायची.

पुढे परवानाधारक दुकानातील कारागिराकडून दुरुस्ती झाली. उचललेले लोखंड कानशीने घासायचे नसते. घासले तर घर सैल होते. गुळगुळीत पोलादी निमुळत्या हत्याराने ते दाबून पुन्हा जागच्या जागी बसवितात.

ज्यांच्या घरी असे शस्त्र असेल, त्यांना एवढेच सांगणे. रिकाम्या रिमफायरचा घोडा सोडू नये. चक्र अडले तर रेटू नये, कडेला काहीही टोचू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून जाणकाराला बोलवावे. आणि दोष बाहेर शोधण्यापूर्वी आपल्या घरात पाहावे. ज्या घावाने ती वस्तू झिजली, तो वैऱ्याचा नव्हता. तीन पिढ्यांच्या कौतुकाचा होता.

आप्पा दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन प्रसाद देऊन आले. पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी गेलो होतो. रिव्हॉल्व्हर उघड्या झडपेने, रिकामे, माळेखाली होते. धाकटी पणती आप्पांच्या मांडीवर बसली आणि तिने घोड्याकडे हात नेला. आप्पांनी तो हात हळूच धरून घंटेवर ठेवला.

"बाय, आता नुसती घंटाच वाजव," ते म्हणाले.