दार उघडले, पण खाटेजवळ कोण?



एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. जवळच्या रुग्णालयाने 'पोलीस केस' म्हणून त्याला दाखल करून घेतले नाही. वीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात नेता नेता तो वाटेतच गेला. त्यावरून उभ्या राहिलेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली बजावले की, जखमीचा जीव आधी, कागद नंतर. १९९२ साली बंगालमध्ये गाडीतून पडलेल्या हकीम शेख यांना कलकत्त्याच्या सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले. त्यांच्या शेतमजूर संघटनेने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले आणि १९९६ साली २५,००० रुपये भरपाई मिळवली. संघटना पाठीशी असली म्हणजे काय होते, ते यावरून दिसते.

रुग्णालयाचे दार असे कायद्याने उघडले. आत गेल्यावर काय, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. तो सर्वात जास्त भोगतात तेरा ते सतरा वर्षांची मुले-मुली. खेळताना हात मोडतो, शाळेच्या वाटेवर मोटारसायकल धडकते. अनेक रुग्णालयांत बालविभागाची मर्यादा बारा किंवा चौदा वर्षांची. त्यापुढचा मुलगा थेट मोठ्यांच्या वॉर्डात. शेजारी रात्रभर कण्हणारा माणूस, आणि पुरुषांच्या वॉर्डात आईला थांबायला मनाई. मुलगी असेल तर पडद्याशिवाय पट्टी बदलली जाते. डॉक्टर बोलतात ते बापाशी, 'ऑपरेशन आहे, सही करा.' मी पुन्हा चालेन का, परीक्षेला बसेन का, हे त्या पोराच्या मनातले प्रश्न मनातच राहतात. बाप लाइनवर किंवा बटवड्यावर, आणि गावाकडून आलेल्या आईला इथली हिंदी जेमतेम कळते, असे घर असले तर हाल दुप्पट.

हे लाड नव्हेत, हक्क आहेत. १९८८ साली हॉलंडमधील लायडन येथे युरोपातील संघटनांनी रुग्णालयातील मुलांची दहा कलमी सनद केली. आईबाप सदैव जवळ असावेत, मुलाला त्याच्या वयाला समजेल अशी माहिती द्यावी, मुलांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवू नये, असे ती सांगते. अठरा वर्षांखालील मुलांचे म्हणणे ऐकून घेण्याची हमी देणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ साली स्वीकारला आहे.

व्यवस्थापन म्हणेल, पैसा नाही, माणसे नाहीत. परंतु पडद्याला किती पैसा लागतो? किशोरांच्या चार खाटा एका कोपऱ्यात लावायला, आईला खाटेशेजारी स्टूल द्यायला, प्लास्टर घालण्यापूर्वी पोराशी दोन मिनिटे बोलायला कोणते बजेट हवे? आपले भांडण परिचारिकेशी नाही. एकटीच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो. तिच्या रिकाम्या जागा भरा, ही मागणीही आपलीच.

रजेचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पुरुषाला ती तो एकटा पालक असेल तरच मिळते. मूल रुग्णालयात असताना बापालाही अशी रजा मिळालीच पाहिजे.

शाखांनी आता कामाला लागावे. रेल्वेत वाटाघाटींची कायम यंत्रणा, आपली पी.एन.एम., १९५२ पासून आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर रेल्वे रुग्णालयांतील किशोरांची व्यवस्था घाला. टपाल बांधवांनी सी.जी.एच.एस.च्या रुग्णालयांचा विषय जे.सी.एम.मध्ये न्यावा. कॉलनीतले पोर दाखल झाले की शाखेचा एक माणूस त्याच दिवशी तिथे पोहोचावा. त्याने फॉर्म भरावेत, आईसाठी दुभाष्या व्हावे आणि शाळेला कळवावे. हात मोडला म्हणून बोर्डाचे वर्ष बुडू देऊ नका. वैद्यकीय दाखल्यावर सी.बी.एस.ई. लेखनिक देते, पण अर्ज वेळेत शाळेमार्फत जावा लागतो.

बोनससाठी, वेतन आयोगासाठी आपण रस्त्यावर उतरलो. ज्यांच्यासाठी ते सारे केले, त्या लेकरांच्या खाटेजवळही युनियन उभी दिसली पाहिजे.