पॅशन ठीक आहे ताई, पण एका केकमागे सुटतात किती?



गेल्या महिन्यातली गोष्ट. माझं दुकान केकच्या सामानाचं आहे हे चॅनेलच्या जुन्या लोकांना माहीतच आहे. प्रीमिक्स, क्रीम, बेस, खोके. एक ताई दर शनिवारी येतात. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी, पगार 14 हजार, आणि संध्याकाळी घरून केक करतात. त्या दिवशी सामान घेतलं, पैसे दिले आणि पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणाल्या, "दादा, नोकरी सोडू का? सगळेच सांगतात ना, आवडीचं करा, पैसा आपोआप मागे येतो."

त्या 'सगळ्यांत' मीपण आहे. तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी कॅमेऱ्यासमोर ठणकावून बोललोय. म्हणून आज हे लिहायला बसलो.

खरं सांगायचं तर मला पैसा आपोआप मागे आलेला दिसला नाही. बीबीए झाल्या झाल्या मी हाताने बनवलेल्या डायऱ्या आणि कार्डांचं दुकान काढलं. भयंकर आवड होती. वडिलांनी 3 लाखांची एफडी मोडून दिली. लोक यायचे, डायऱ्या उलटसुलट करून बघायचे, "किती छान!" म्हणायचे आणि जायचे. मी त्या 'छान'वर खूश. एका डायरीला माझे किती तास जातात, भाडं वजा केल्यावर उरतं काय, हे कधी मांडलंच नाही. बीबीएला कॉस्टिंगमध्ये चांगले मार्क होते बरं का! 14 महिन्यांत शटर खाली. वडील एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गाळ्याचं अॅग्रीमेंट सहा महिने शिल्लक होतं, डिपॉझिट अडकलेलं. शेजारच्या बेकरीवाल्याला खोके लागायचे, ते आणून द्यायला लागलो. खोक्यांची मला काडीची आवड नव्हती हो. पण आज मे महिन्याच्या उन्हात कुठलं क्रीम टिकतं आणि कुठलं ओघळतं, यावर मी अर्धा तास बोलू शकतो, आणि बोलताना मजा येते. आवड नंतर आली. काम जमायला लागलं, लोक विचारायला यायला लागले, तेव्हा आली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बघा. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि कळलं की काही रंग डोळ्यांना नीट ओळखूच येत नाहीत. झालं, पॅशन संपली! मग यंत्रांची ड्रॉइंग शिकले, त्याला रंग लागत नव्हते. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायची नोकरी केली. बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं. पुढे लोखंडी नांगर केला, तर शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमिनीत विष उतरेल. पहिला नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षं गेली. किर्लोस्करवाडी उभी राहायला 1910 साल उजाडलं. आता यातली पॅशन कुठली, चित्र, सायकल की नांगर? माझ्या मते चिवटपणा. पण त्याचं पोस्टर कोण लावणार!

म्हणून नुसतं पैशामागे पळा असंही मी म्हणणार नाही. गर्दी बघून चहाचा स्टॉल टाकलेले दोघं माझ्या ओळखीचे. एकाला पहाटे उठायचा कंटाळा, दुसऱ्याला गिऱ्हाइकाशी बोलायचाच कंटाळा. दोन्ही स्टॉल बंद. कामाचा राग येत असेल तर मार्जिन कितीही असो, गाडी पुढे सरकत नाही.

असो. ताईंना मी आत बोलावलं आणि बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. एक किलोचा केक 650 ला. सामान, बेस, खोका धरून 290. गॅस-लाइट 30. पोचवायचं पेट्रोल 40. उरले 290. वेळ किती? "दीड तास," म्हणाल्या. भांडी, सामान आणणं, "नाव इंग्रजीत लिहा, नको मराठीत लिहा" असे चार फोन, सगळं धरलं तर तीन तास. म्हणजे तासाला शंभरसुद्धा नाहीत. पगाराएवढे सुटायला महिन्याला 49 केक लागतात. त्यांचे होतात 25. हाच केक 750 ला गेला तर 36 पुरतात.

त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी माझी मजुरी कधी धरलीच नव्हती."

मी पण नव्हती धरली, 14 महिने. तेवढं सांगितलं त्यांना. नोकरी सोडा किंवा सोडू नका, यातलं काहीच बोललो नाही. घर त्यांचं, हप्ते त्यांचे. फक्त एवढं म्हणालो की सलग सहा महिने 36 चा आकडा वहीत दिसू दे, मग परत बोलू. आणि वही ठेवा, मोबाईलमधल्या आठवणीवर जाऊ नका.

पुढच्या शनिवारी आल्या. भाव 750 केला होता. दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली म्हणाल्या, आवाज जरा उतरलेला होता. नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. खोके मात्र नेहमीपेक्षा दहा जास्त घेतले, आणि शेजारच्या स्टेशनरीतून एक दोनशे पानी वही.