मसुद्यातली माणसे

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नाल्सा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल दिला. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचे त्याने ठरवायचे. त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असे न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी स्पष्ट केले. त्या निकालपत्रात तृतीयपंथी माणूस भेटतो तो हक्कदार नागरिक म्हणून.

दोन वर्षांनी लोकसभेत आलेल्या विधेयकात तोच माणूस ओळखू येईना. नाव हक्कांच्या संरक्षणाचे, पण व्याख्या ‘पूर्ण स्त्री नाही, पूर्ण पुरुष नाही’ अशी, उणिवा मोजणारी. ओळख तपासायला छाननी समिती. आरक्षणाबद्दल अक्षर नाही, पण तृतीयपंथीयांना भीक मागायला लावणे हा गुन्हा असल्याचे कलम होते. भीक कुणालाच मागायला लावू नये, हे उघड आहे. तरीही शिक्षण-नोकरीच्या हमीऐवजी कायदा सिग्नलवरच्या टाळीची आठवण ठेवतो, तेव्हा वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या, शिक्षकाच्या, घरमालकाच्या मनातले जुने चित्रच पक्के होते. देशभर आंदोलने झाली. २०१९च्या कायद्यातून समिती आणि भिकेचे कलम दोन्ही गेले. मात्र तृतीयपंथीयांवरील लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा ठेवली गेली. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे आहेत. कुणाच्या वेदनेचे मोल किती, हे समाज अशा आकड्यांतूनही शिकतो.

महाराष्ट्राचाही अनुभव वेगळा नाही. २०२२च्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय होते. मैदानी चाचणीत पुरुषांनी १६०० मीटर धावायचे, महिलांनी ८००. तृतीयपंथी उमेदवाराने किती, याचा नियमच नव्हता. अंमलबजावणी अवघड आहे, अशी सरकारची भूमिका होती. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावर अर्जात पर्याय आला आणि नियम करण्याची मुदत ठरली. ज्यांना ‘नोकरी का करत नाही’ म्हणून हिणवले जाते, त्यांना अर्ज भरण्यासाठीच कोर्टाची पायरी चढावी लागली, हे लाजिरवाणे आहे.

आता महाविद्यालये, बँका, कंपन्या आपापली समावेशन धोरणे लिहीत आहेत. त्यांत ‘उत्थान’, ‘पुनर्वसन’, ‘मुख्य प्रवाह’ हे शब्द सहज पडतात आणि सहकारी होऊ पाहणाऱ्याला लाभार्थी करून टाकतात. मसुदा लिहिणाऱ्यांना आमची विनंती आहे : वसतिगृहाची खोली, स्वच्छतागृह, हजेरीपटावरचे नाव, तक्रार कुणाकडे करायची, हे साध्या वाक्यांत लिहा. शरीराचा पुरावा मागणारी ओळ खोडा. आणि सही होण्याआधी तो मसुदा तृतीयपंथी विद्यार्थ्यांना, कर्मचाऱ्यांना वाचायला द्या.