लेखणी घडविणारे हात

त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी समुद्राला मिळण्यापूर्वी आंध्रातील राजमहेंद्री नगरीवरून वाहत जाते. संपूर्ण देशी बनावटीच्या शाईच्या पेनाचा एक तेजस्वी अध्याय याच नगरीत लिहिला गेला. दागिन्यांचे ठसे घडविणारे कोसुरी वेंकट रत्नम् यांना १९२१ साली महात्मा गांधींनी सर्वसामान्यांच्या नित्य उपयोगाची वस्तू देशातच तयार करण्यास सुचविले. रत्नम् यांनी लेखणी निवडली. आरंभीच्या पेनाचे सर्व भाग देशी नव्हते आणि ती उणीव गांधीजींनी चालवून घेतली नाही. रत्नम् पुन्हा कामाला लागले. पुढे कुमारप्पांच्या हस्ते आलेले पेन वापरून पाहिल्यावर १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून पत्र पाठवून आभार मानले आणि हे पेन विदेशी पेनांना चांगला पर्याय असल्याचे कळविले.

या प्रसंगाचा बोध आजही तितकाच मोलाचा आहे. वस्तू देशी आहे म्हणून तिचे दोष पोटात घालावेत, ही स्वदेशी नव्हे. वापरणाऱ्याच्या हाती ती खरी उतरली पाहिजे.

हाती पेन घडविणे म्हणजे कौशल्याची परीक्षाच. एबोनाइटची कांडी लेथवर कातायची, आतून पोखरायची, आटे पाडायचे, टोपण बेतायचे. आट्यांत केसभर फट राहिली तरी शाई झिरपते. निबेखालच्या जिभेतील बारीक चरातून शाई उतरते आणि त्याच वाटेने हवा आत शिरते. हा तोल साधला नाही, तर पेन अडते तरी किंवा ओकते तरी. पितळेचे पेन घडविणाऱ्यापुढे वेगळाच पेच असतो. धातू हाताच्या उबेने लवकर तापतो, पोटातील हवा प्रसरण पावते आणि कागदावर डाग पडतो. म्हणून अशा पेनात शाई थेट न भरता वेगळी नळी बसविणे हिताचे ठरते. असे ज्ञान हाताने हाताला दिले जाते.

हे हात पुढे राहणार काय? बॉलपेनने शाईच्या पेनाची सद्दी संपविली. कारागिराच्या मुलाला वडिलांच्या लेथपेक्षा कार्यालयातील खुर्ची प्रतिष्ठेची वाटू लागली. त्याला दोष कसा द्यावा? ही प्रतिष्ठेची उतरंड आपणच रचली आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी आरंभ झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, सोनार आदी १८ व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारे आणि सवलतीचे कर्ज देण्याची तरतूद झाली. हे पाऊल स्वागतार्हच होय. मात्र लेखणी घडविणाऱ्याचे नाव त्या १८ व्यवसायांत नव्हते. लेथवर सूक्ष्म काम करणाऱ्या अशा लहान कारागिरांचाही शासनाने विचार करावा.

परंतु सारा भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. मौंज, दहावीचे यश, निवृत्तीचा सत्कार असे प्रसंग घरोघरी येतात. त्या वेळी देशी कारागिराचे एक पेन पारखून घ्यावे. सदोष असेल तर त्याला स्पष्ट सांगावे, उत्तम असेल तर रास्त मोल द्यावे. कारागिराला दया नको आहे. त्याला चोखंदळ गिऱ्हाईक हवे आहे.