यंत्रमानव कारकून आणि जुनी वहिवाट

कचेरीच्या कामाचे यांत्रिकीकरण या एकाच नावाखाली दोन भिन्न गोष्टी वावरत आहेत. पहिली, संगणकातील ‘यंत्रमानव’. कारकून पडद्यावर जी कळ दाबतो, जो आकडा एका तक्त्यातून दुसऱ्यात उतरवतो, तेच हा न थकता करतो. बुखारेस्टमध्ये २००५ साली स्थापन झालेली युआयपाथ कंपनी याच व्यवसायावर मोठी झाली. मूळ व्यवस्थेला हात लावावा लागत नाही, हा याचा लाभ. पडद्याची मांडणी बदलली की यंत्रमानव अडतो, ही मर्यादा.

दुसरी, ‘लो-कोड’ साधने. यांत अर्ज कोणाकडून कोणाकडे जावा, मंजुरी कोणी द्यावी, हा प्रवासच आकृतीच्या रूपाने नव्याने आखता येतो. प्रोग्रॅम लिहिण्याचे काम थोडेच उरते. मात्र त्यासाठी आधी नियमांचा फेरविचार करावा लागतो, आणि नेमका तोच नकोसा असतो. म्हणून पहिला मार्ग सोपा वाटतो.

पण नियमच सदोष असेल तर? ऑस्ट्रेलियात २०१६ पासून वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढून सरकारी भत्ता घेणाऱ्यांवर संगणकाद्वारे थकबाकी लादली गेली. ती पद्धत बेकायदा ठरली. २०२३ साली रॉयल कमिशनने तिच्यावर कठोर ठपका ठेवला. यंत्राने आज्ञा चोख पाळली होती. चूक आज्ञेतच होती.

तेव्हा साधन कोणते घ्यावे, हा प्रश्न दुय्यम होय. ही पायरी मुळात हवी कशाला, हे ती रोज चढणाऱ्या कारकुनाला आधी विचारले पाहिजे. आणि निर्णयाखालची सही माणसाचीच राहिली पाहिजे.